पिकअप उचलायची की नाही? आधी खाली काय घासतंय ते बघा

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय. डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप घेऊन वर्ष झालं. आठवड्यातून दोन-तीनदा बागेतून खतं, औषधं, क्रेट वाहायचे. पावसाळ्यात मळ्याचा रस्ता खराब होतो, सुट्टीत मित्रांबरोबर पेठ-सुरगाण्याकडे जाणं होतं. खाली गाडी घासते. एक जण म्हणतो २ इंच उचल, दुसरा म्हणतो ४ इंच आणि मोठे टायर टाक, तिसरा काही हजारांत स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला घालायची जाड चकती, बसवून देतो म्हणतो. काय करावं? फायदे-तोटे खरे काय?

मी २६ वर्षं गाड्यांच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) आणि सस्पेन्शनचं काम करतोय, सगळं नाशकातच. सुरुवातीला नुसत्या माल वाहणाऱ्या गाड्या यायच्या, आता हौसेने उचलायच्या गाड्याही येतात. थोडक्यात सांगायचं तर तुमच्या वापराला ४ इंच नको. ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे दीड ते दोन इंच, तेही पूर्ण स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलून, एवढं पुरेसं आहे. आणि कदाचित तेही लागणार नाही. का ते आता सविस्तर सांगतो, कारण या कामात पैसे वाया जातात ते बहुतेक एकाच चुकीने. गाडी नेमकी कुठे घासते हे कोणी बघतच नाही.

गाडीच्या खाली तीन वेगवेगळ्या उंच्या असतात आणि उचलण्याने तिन्ही सारख्या वाढत नाहीत. पहिली, मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा डबा. तुमच्या गाडीला मागे पाटे आणि अखंड एक्सल आहे. एक्सल चाकांना जोडलेला असतो. पाटे कितीही उंच करा, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर, आणि तोही टायरच्या व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्मा. २६५/६५ आर१७ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटरच्या आसपास भरतो. २६५/७० आर१७ चा ८०३. म्हणजे टायर एक माप मोठा केला तर गोळा वर जातो फक्त १३ मिलिमीटर. २८५/७० आर१७ घातला, व्यास ८३१, तरी २७ मिलिमीटर, म्हणजे इंचभर. ४ इंच उचललेल्या गाडीचा मालक बैलगाडीच्या चाकोरीत मधल्या उंचवट्यावर गोळा टेकवून बसलेला मी स्वतः ट्रॅक्टरने ओढून काढलाय. त्याला वाटत होतं गाडी ४ इंच उंच झाली. केबिन झाली होती, एक्सल नाही.

दुसरी उंची पोटाची: चॅसिस, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा फोर व्हीलचा डबा), पायदान. ही सस्पेन्शन उचलल्यावर खरोखर वाढते. तुमच्या गाडीसारख्या पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण ३.१ मीटर आहे, म्हणजे पोट लांब आहे. बांध ओलांडताना किंवा नाल्याच्या काठावरून उतरताना पोट टेकतं ते त्यामुळे. मधोमध जमिनीपासून २२५ मिलिमीटर धरले तर बांधाचा जो कोन गाडी न टेकता पार करते तो साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. ५० मिलिमीटर उचलली तर तोच २० अंशांवर जातो. हा फरक शेतात जाणवतो. उचलण्याच्या बाजूने मी जर एकच गोष्ट सांगणार असेन तर ही.

तिसरी, पुढचा आणि मागचा टोकाचा भाग. पुढचा बंपर, खालची प्लेट, मागे स्टेपनी आणि टो हुक. उतारावरून सपाटीवर येताना मागचं टोक घासतं. उचलल्यावर इथेही फायदा होतो. पण इथे बऱ्याचदा नुसती स्टेपनी वर कसून घेतली किंवा लोंबणारं प्लॅस्टिक नीट बसवलं तरी काम होतं.

म्हणून माझ्याकडे गाडी उचलायला येते तेव्हा मी आधी रॅम्पवर घेतो आणि खालच्या सगळ्या उंचवट्यांना पांढरा प्रायमर मारून देतो. गोळा, ट्रान्सफर केसची प्लेट, पायदानाची नळी, शॉकचे खालचे ब्रॅकेट, पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टची खालची टोकं, स्टेपनीची कड. मग मालकाला म्हणतो, महिनाभर नेहमीसारखी चालव आणि परत ये. प्रायमर जिथे खरवडला तिथेच इलाज करायचा. निम्मे लोक परत येतात तेव्हा फक्त पायदान आणि शॉकचा ब्रॅकेट खरवडलेला असतो. त्यांना लिफ्टची गरज नसते. पायदान काढून टाकायचं किंवा आतल्या बाजूने घट्ट नळीचं बसवायचं, आणि ट्रान्सफर केसखाली ३-४ मिलिमीटरची प्लेट लावायची. खर्चही कमी, आणि गाडीच्या भूमितीला हात लागत नाही.

रस्त्यावरच्या गतिरोधकांचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. त्याला कुठलीही पिकअप घासत नाही. गावोगावचे लोक एका रात्रीत खडी-डांबराचे उभे डोंगर करतात, त्यांना घासते, आणि तीही बहुतेक भरलेली गाडी. भरलेली गाडी घासते म्हणजे पाटे बसलेत. त्याला लिफ्ट म्हणजे चुकीचं औषध.

आता चिखलाचं. तुमच्याकडची काळी माती जूननंतर टायरला इतकी चिकटते की नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो. गाडी तिथे उंचीअभावी अडकत नाही, पकड नसल्याने अडकते. माझ्याकडे येणाऱ्या दर पावसाळ्यातल्या दहा तक्रारींतल्या सात या प्रकारच्या असतात. त्याला खोल नक्षीचा टायर, हवेचा दाब तात्पुरता कमी करणं, फोर व्हील वेळेवर टाकणं आणि मागे थोडं वजन असणं लागतं. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, म्हणून ती ओल्या गवतावरही फिरते. दोन-तीन क्विंटल खताच्या गोण्या चाकांच्या मध्ये, केबिनजवळ नव्हे तर एक्सलच्या वर, टाकून बघा. उचललेल्या गाडीपेक्षा जास्त फरक पडेल. हवा कमी केली तर पक्क्या रस्त्यावर येताना परत भरायची, हे विसरू नका. मऊ टायरवर वेगाने चालवली तर टायरची भिंत तापून फाटते.

आता उचलण्याचे मार्ग. बाजारात सगळ्याला "लिफ्ट" म्हणतात, पण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बॉडी लिफ्ट म्हणजे चॅसिस आणि केबिन यांच्या मध्ये ठोकळे घालून केबिन वर करणं. खाली काहीच वाढत नाही, फक्त मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा मिळते. स्टिअरिंगचा शाफ्ट, वायरिंग, रेडिएटरची नळी हे सगळं ताणतं. मी करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

पुढे तुमच्या गाडीला दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग आहे, स्प्रिंगच्या आत शॉक. इथे स्वस्तातलं काम म्हणजे वरच्या टोकाला धातूचा स्पेसर. शॉक खालच्या आर्मच्या मध्याजवळ बसलेला असल्याने तिथे एक इंचाचा स्पेसर घातला तर चाकाजवळ जवळजवळ दोन इंच फरक पडतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, दोन इंच हवे म्हणून दोन इंचाचा स्पेसर बसवतात आणि पुढून गाडी बोटीसारखी वर होते. स्पेसरचा खरा त्रास वेगळा आहे. तो चाकाचा पूर्ण प्रवास खाली सरकवतो. चाक हवेत लोंबलं की ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे, जॉइंट कंपनीने ठरवलेल्या कोनाच्या पुढे जातात, वरचा बॉल जॉइंट टोकाला टेकतो. रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, मग बूट फाटतो, ग्रीस निघून जातं, धूळ आत जाते आणि जॉइंट वळताना कटकट वाजू लागतो. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, दुसरीकडे ३ इंच उचललेली. ९ हजार किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंचे बूट फाटलेले. मालकाचं म्हणणं, जॉइंट खराब आले. जॉइंट चांगले होते, त्यांना सरळ चालू दिलं नव्हतं.

योग्य पद्धत म्हणजे तुमच्या कायमच्या वजनाला मोजून नवी कॉइल आणि तिच्याशी जुळणारा शॉक. स्प्रिंगने उंची वाढवली आणि शॉकची कमाल लांबी कंपनीएवढीच ठेवली, तर चाक खाली कुठवर जाईल ती मर्यादा बदलत नाही. पूर्ण किटचा खर्च लाखाच्या पुढे जातो, हे खरं आहे. पण ५० मिलिमीटरपर्यंत या पद्धतीने ड्राइव्ह शाफ्ट सांभाळून काम होतं. त्याच्या पुढे जायचं तर वरचे आर्म वेगळे, पुढचा डिफरन्शियल खाली उतरवायचे ब्रॅकेट, लांब ब्रेक होज, सगळंच बदलत जातं. डिफरन्शियल खाली उतरवला की पोटाखालची जी उंची कमवायला निघालो होतो त्यातली काही तिथेच गेली.

जुन्या काही गाड्यांना पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी स्प्रिंगची सळी, असते. तिचा बोल्ट दोन-चार आटे फिरवला की गाडी वर येते, एक रुपया खर्च नाही. त्यामुळे कोणीही करतो. बार त्याने कडक होत नाही, पण चाक खाली जायचा प्रवास संपतो. खड्ड्यात चाक खाली उतरूच शकत नाही, धाडकन आपटतं, आणि मालक म्हणतो सस्पेन्शन कडक झालं.

मागे पाट्यांचं काम, आणि इथे मला जास्त बोलायचंय, कारण नाशकातल्या नव्वद टक्के पिकअप इथेच बिघडवल्या जातात.

शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी, लांब करणं ही सगळ्यात जुनी युक्ती. शॅकल २ इंच लांब केला तर मागून गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली गेलेलं असतं. पण एक्सल थोडा फिरतो, डिफरन्शियलचं नाक वर-खाली होतं आणि गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन बिघडतो. ५०-६० च्या वेगाला केबिनमध्ये घुरघुर येते ती त्याची. सुरुवातीच्या वर्षांत मीही असे लांब शॅकल बरेच बसवले. मग त्याच गाड्या सेंटर बेअरिंग आणि क्रॉस बदलायला परत परत यायला लागल्या तेव्हा थांबलो.

दुसरं, एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा. मागे मर्यादेत चालतो. पण ठोकळ्याने एक्सल पाट्यापासून दूर जातो आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक्सलला पिळायला जास्त लांबीची तरफ मिळते. चढावर पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. पुढच्या पाट्यांना ठोकळा कधीच घालायचा नाही. तिथे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचा जोर येतो, आणि ठोकळा सुटला तर काही हातात राहत नाही. एकावर एक दोन ठोकळे तर मागेही नकोत.

तिसरं, पाटा वाढवणं. जुना पाटा ठोकून त्याला पुन्हा बाक देतात, तो काही महिन्यांत परत बसतो. त्यापेक्षा नवा पाटा बरा. पण पाटा वाढवला की कडकपणाही वाढतो. रिकामी गाडी उड्या मारते, मागचं चाक खड्ड्यावरून उडून जमीन सोडतं, ओल्या वळणावर मागचं टोक सटकतं. तुम्ही आठवड्यातले चार-पाच दिवस रिकामी गाडी चालवता, तेव्हा तुम्हाला कडक पाटा नको. एक टनाच्या हिशोबाचे पाटे घालून रोज एकट्याने नाशिकला ये-जा करणारे लोक कंबर धरून माझ्याकडे येतात.

कोणतंही काम करा, यू-बोल्ट नवे घाला. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नाही. आणि ५०० किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणून सगळे नट टॉर्क रेंचने तपासून घ्या. पाटे बसतात तसे नट सैल पडतात. जो मिस्त्री "परत यायची गरज नाही" म्हणतो त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

आता ब्रेक. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची आहे, कारण हिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

बऱ्याच माल वाहणाऱ्या पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची एक दांडी एक्सलला आणि व्हॉल्व्ह चॅसिसला जोडलेला. गाडी भरली की चॅसिस खाली येतो, दांडी व्हॉल्व्ह दाबते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. साधी आणि हुशार रचना आहे. आता मागून गाडी दोन-तीन इंच उचला आणि दांडीला हात लावू नका. पूर्ण भरलेल्या गाडीचा चॅसिस आता तिथे उभा असतो जिथे कंपनीच्या रिकाम्या गाडीचा असायचा. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक जवळजवळ कामच करत नाही आणि दीड-दोन टन वजनाचा सगळा भार पुढच्या डिस्कवर.

काही वर्षांपूर्वी टोमॅटोची एक पिकअप माझ्याकडे ओढून आणली. पेठ रस्त्याने गुजरातकडे माल घेऊन जात होती. सावळघाट उतरताना पेडल खाली जायला लागलं. ड्रायव्हर अनुभवी होता, गिअर खाली टाकत टाकत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घालून थांबवली. कोणाला लागलं नाही. मालकाचं म्हणणं, ब्रेक ऑइल हलकं होतं. मी चाकं काढली. पुढच्या डिस्क निळ्या पडलेल्या, पॅड जळालेले. मागचे ड्रम उघडले तर लायनर ३० हजार किलोमीटर चालूनही नव्यासारखे. तिथेच कळलं. मागे दोन पाटे वाढवलेले, खाली ठोकळा, आणि व्हॉल्व्हची दांडी जशीच्या तशी. म्हणजे ती गाडी कित्येक महिने फक्त पुढच्या ब्रेकवर घाट उतरत होती. तेव्हापासून माझ्याकडे मागून उचललेली कुठलीही गाडी आली की मी आधी ती दांडी बघतो आणि मागचे लायनर मोजतो. पुढचे पॅड झिजलेत आणि मागचे लायनर जाड आहेत असं दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ब्रेक.

तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह नसेल आणि मागच्या ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटला जात असेल तर हा प्रश्न येणार नाही. तरी उचलल्यावर ब्रेकचे रबरी होज पूर्ण लोंबलेल्या चाकावर ताणत नाहीत ना, एबीएसच्या वायरला ढील आहे ना, हँडब्रेकची केबल ओढली जात नाही ना, हे चाक हवेत धरून हाताने तपासायचं. जमिनीवर उभ्या गाडीत सगळं सैलच दिसतं.

गाडी उलटण्याचं म्हणाल तर थोडं गणित करू. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असा एक आकडा काढतात. अमेरिकेतली वाहन सुरक्षा यंत्रणाही हाच आकडा वापरते. जितका मोठा तितकी गाडी स्थिर. चाकांमधलं अंतर १५७० मिलिमीटर आणि रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ७०० वर धरू. आकडा येतो १.१२. दोन इंच उचलली की १.०६ च्या जवळ, चार इंच उचलली की जेमतेम १. आता मागे क्रेटची चार-पाच थरांची थप्पी लावा. गुरुत्वमध्य ९०० वर गेला तर लिफ्ट न करताच ०.८७. म्हणजे माल उंच रचणं हे लिफ्टपेक्षाही मोठं कारण, आणि दोन्ही एकत्र आले तर घाटातलं वळण, बांधावरचा आडवा उतार, कॅनॉलच्या कडेची वाट, कुठेही गाडी उलटू शकते. बांधाच्या कडेने आडवी गाडी घालायची सवय तुमच्याकडे सगळ्यांना असते. उचललेल्या गाडीत ती सवय सोडावी लागेल. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा आहे तिचंही गणित कंपनीच्या उंचीवर बसवलेलं असतं.

मोठ्या टायरचा आणखी एक भुर्दंड. ७७६ वरून ८३१ व्यास केला तर गिअर ७ टक्के उंच झाले असं समजा. चढावर दुसऱ्या गिअरचं काम पहिल्याला करावं लागतं, क्लच जास्त घासतो, डिझेल जास्त लागतं. मीटर ६० दाखवत असताना गाडी पूर्वीच्या ६४ एवढी पळत असते. टायर जड असतो म्हणून ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर. मुंबई-आग्रा महामार्गावर ८० च्या वेगाने ओझरपर्यंत जाणाऱ्याला उंच गाडीवर वाऱ्याचा भार आणि जाड नक्षीचा आवाज दोन्ही जाणवतात. एक माप मोठा टायर ठीक. दोन मापं मोठा टायर तुमच्या वापराला नको.

आणि एक गोष्ट जी उचलणारे मालक विसरतात, पण मजूर विसरत नाहीत: फाळका. मागच्या हौद्याची उंची. द्राक्षाचा किंवा टोमॅटोचा क्रेट २० किलोच्या आसपास असतो. दोन बायका खालून वर देतात, एक गडी हौद्यात उभा राहून घेतो. दिवसाला शंभर-दीडशे क्रेट. हौदा दोन इंच वर गेला तर प्रत्येक क्रेट खांद्याच्या वर उचलावा लागतो. पिंपळगावच्या बाजारात गाडी लागल्यावर हमाल फाळक्याकडे बघूनच तोंड वाकडं करतात. गाडी मालकाची असते, पाठ दुसऱ्याची दुखते. तुमची गाडी थोडाच माल वाहते, तरी घरच्या लोकांना विचारून बघा.

जे फक्त मालवाहू पिकअप चालवतात आणि हा मजकूर वाचताहेत, त्यांना माझं सरळ उत्तर आहे: उचलू नका. कांदा भरल्यावर मागून बसते म्हणून पाटे वाढवता, पण पाटे वाढवल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसिस तेच राहतात. पाटा हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, तो आधी बसतो म्हणजे तो तुम्हाला सांगत असतो. बसलेले पाटे कंपनीच्या मापाचे नवे घाला, बुश बदला, आणि खेप एक जास्त करा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लोखंडी बुल बार लावायचा विचार असेल तर तोही सोडा, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदीचे आदेश काढलेत, आणि त्याचं वजन पुढच्या स्प्रिंगवर येतं ते वेगळंच. मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. अपघातानंतर सर्व्हेयर गाडी खालून बघतो. उचललेली गाडी दिसली आणि विमा कंपनीला तुम्ही आधी कळवलेलं नसेल तर दावा अडकायला कारण मिळतं. काम करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर ड्राइव्ह शाफ्ट आणि सस्पेन्शनच्या बाबतीत ती गेली असंच धरून चाला. तुमची गाडी वर्षाचीच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

उचलल्यावर दोन कामं त्याच दिवशी करायची असतात. व्हील अलाइनमेंट, आणि तीही नुसता टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) नाही, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) दोन्ही मोजणारी. पुढून उचलल्यावर कॅस्टर कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला आळशी होतं, महामार्गावर गाडी इकडेतिकडे हिंडते. दुसरं हेडलाइट. दोन इंच वर गेलेला दिवा समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या नेमका डोळ्यात जातो. भिंतीसमोर सपाट जागी उभी करून दिवे खाली घ्यायचे. पाच मिनिटांचं काम आहे, रात्रीच्या रस्त्यावर समोरच्याचा जीव त्यावर असतो, आणि तरी दहातल्या आठ गाड्यांत ते झालेलं नसतं.

तुमच्यासाठी आता असं. पहिल्यांदा पायदान काढा, खाली प्रायमर मारा आणि पुढचा महिना नेहमीसारखी चालवा. पेठकडची एक फेरी त्यात होऊ द्या. टाकी पूर्ण भरून, गाडी रिकामी असताना, सपाट फरशीवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. मग नेहमीचा माल भरून तेच चार आकडे परत. मागे किती दबते ते कळलं की पाटे कोणते लागतील ते ठरतं, आणि डावी-उजवीकडे १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी तो शोधायचा. प्रायमर गोळ्यावर खरवडला असेल तर एक माप मोठा टायर. ट्रान्सफर केस किंवा चॅसिसवर खरवडला असेल तर ४० मिलिमीटरचं, मध्यम वजनाचं कॉइल आणि पाट्यांचं किट, स्पेसर नाही. फक्त शॉकच्या ब्रॅकेटवर खरवडला असेल तर एक वेल्डिंगची पट्टी लावून देतो, दुसरं काही करायचं नाही. ते आठ आकडे आणि खालचे फोटो घेऊन या, द्राक्षाची तोडणी संपल्यावर निवांत बघू. हंगामात गाडी उभी ठेवायला लावणार नाही.